वीतभरावरून

टिचकी भिंगकाकांच्या दुकानात शिरली ती वाऱ्यासारखी, कारण जेवणाच्या सुट्टीत निघाली होती आणि सुट्टी संपायच्या आत भिंग घेऊन परत पोचायचं होतं. आणि घाईत माणूस भिंग निवडायला बसला की काय होतं, तेच तर सांगायचंय.

भिंगकाकांचं दुकान म्हणजे अर्धं चष्म्यांचं, अर्धं जुन्या कॅमेऱ्यांचं. एका भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, समोर काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या लेन्स. सगळं जग लेन्स म्हणतं, काका भिंग म्हणतात, म्हणून ते भिंगकाका. आणि टिचकी हेही काही खरं नाव नव्हे. उंची बेताची, चालणं-बोलणं टिचकी वाजवावी तसं, म्हणून मामांनी लहानपणी ठेवलं आणि असं चिकटलं की ऑफिसात साहेबसुद्धा तेच म्हणायचे.

"जुन्याचं काय केलंस?" काकांनी विचारलं.

"धुवायच्या ट्रेमध्ये पडलं. फिरवलं की कसं करकरतंय बघा."

कसला ट्रे ते काकांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सांगितलं की लोक पैसेसुद्धा हातात न देता टेबलावर ठेवतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

कारण टिचकी मेलेल्या माणसांचे फोटो काढायची. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात शवागार होतं, सगळे त्याला नुसतं 'खाली' म्हणायचे. रस्त्यात, बागेत, पुलाखाली कुणी गेलेलं सापडलं आणि खिशात नावगाव काही नसलं, की त्याला खाली आणायचं आणि टिचकीनं चेहऱ्याचा फोटो काढायचा. तो फोटो वरच्या खोलीत फळ्यावर लागायचा. ज्यांचं माणूस हरवलंय ते येऊन फळा बघायचे. 'हो' म्हणाले, निदान 'असेल' तरी म्हणाले, तरच त्यांना खाली न्यायचं, काचेपलीकडून खरं माणूस दाखवायला. आधी फोटो, मग काच. मुदतीत कुणी 'हो' म्हटलं नाही तर दुपारची गाडी यायची आणि बेवारस म्हणून माती द्यायची. म्हणजे बघा, माणसाला त्याचं नाव परत मिळणार की नाही, सगळं त्या एका फोटोवर. मोबाइल खाली न्यायला सक्त मनाई, त्यामुळे जे काय ते तिच्या छोट्याशा कॅमेऱ्यावर.

काकांनी फडकं अंथरलं आणि त्यावर दोन भिंगं ठेवली. दोन्हींना झूम नाही. एक चौदा मिलिमीटरचं, जवळूनही समोरचं सगळं आत घेणारं, कोटाच्या बटणाएवढं चपटं, लावलं तरी कॅमेरा खिशात जाईल असं. दुसरं पंचेचाळीसचं, लांबूनच चेहरा भरून घेणारं, लहान पेल्याएवढं, तेही हलकंच, पण पुढं नाक काढून बसलेलं.

"कशाचे फोटो काढणार?"

"चेहऱ्यांचे."

"मग प्रश्नच मिटला. पंचेचाळीस घे."

"पण जागा नाही ना काका. त्यानं अख्खा चेहरा घ्यायचा म्हणजे मागं सरकावं लागतं, आणि मागं भिंत."

"मग वर सरक."

"वर सरकायला स्टूल लागतं."

"मग चढ की स्टुलावर. तुझ्या उंचीला तसंही लागतच असेल."

"तेच तर नकोय!"

स्टुलाचं प्रकरण असं. ही नोकरी तिच्या आधी मामांनीच केलेली. छातीनं दगा दिला तेव्हा त्यांनी ती सोडली आणि साहेबांच्या हातापाया पडून भाचीला चिकटवली. सोबत दिलं एक लोखंडी स्टूल आणि दोन नियम. नियम पहिला: ट्रॉलीशेजारी स्टूल ठेवायचं, वर चढायचं, समोर बसून आपण गप्पा मारतो तेवढ्या अंतरावरून चेहरा घ्यायचा, केस ओले करून मागं सारायचे आणि कान दिसलेच पाहिजेत. मामा म्हणायचे, "माणूस दाढी वाढवेल, मिशी काढेल, जाड होईल, वाळेल. कान मात्र आईनं दिलेले तसेच राहतात." नियम दुसरा: ह्या कॅमेऱ्यानं जिवंत माणसाचा फोटो काढायचा नाही. का, ते मामांनी सांगितलं नाही. काही गोष्टी सांगायच्या नसतातच.

तर त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि तो गेल्या आठवड्यात सटकला. कॅमेरा प्रेतं धुवायच्या ट्रेमध्ये, आणि टिचकीचा हात सरळ खालच्या म्हातारबाबांच्या छातीवर. ती छाती लागली ती लाकडासारखी. त्यानंतर तिनं घरी जाऊन हात किती वेळा धुतला असेल, पण तळव्याची ती आठवण काही जाईना. आता त्या स्टुलाला ती वळसा घालून जायची.

म्हणून चौदाचं. तिनं ते कॅमेऱ्याला लावलं, तक्त्याचा फोटो काढला, कपाटाचा काढला, चष्म्यांच्या रांगेचा काढला. सगळं कसं लख्ख! आणि जवळ तरी किती जाता यावं? वीतभर! वीतभरावरून काढलेल्या चष्म्याच्या काडीवरचे ओरखडेसुद्धा मोजून घ्या.

"अगं, चेहऱ्यासाठी घेतेस ना? मग चेहऱ्यावर तपास. माझा काढ," म्हणत काकांनी केसांवरून हात फिरवला आणि हनुवटी वर केली.

टिचकी एकदम मागं सरली. "नको नको! म्हणजे... नंतर काढीन."

"एवढा वाईट दिसतो का मी?"

"तसं नाही हो काका. उशीर झालाय."

आणि चौदाचं भिंग खिशात घालून ती पळाली.

पुढचे दिवस नुसती चंगळ. स्टूल नको, चढणं नको. ट्रॉलीशी उभं राहायचं, वाकायचं, हात लांब करून वीतभरावरून चेहरा घ्यायचा, झालं. खाली काम करणारा गारठ्या तर खूशच झाला. बारा महिने स्वेटर घालून वावरायचा, म्हणून गारठ्या. बोलणं कमी, पण बोलला की वर्मावर. "बरं झालं बाई," म्हणाला, "तू वर चढलीस की मला खाली दोन-दोन माणसं सांभाळावी लागायची." स्टूल त्यानं कोपऱ्यात नेलं आणि त्यावर आपला रेडिओ ठेवला.

त्याच दिवसांत बसस्टँडच्या मागच्या बाकावरून एक पोरगा आला. पंचविशीचा असेल नसेल. अंगावर कुणीतरी टाकून दिलेला कोट, खिसे रिकामे, अंगावर जखम नाही, काही नाही. थंडीनं गेला म्हणा, हृदयानं म्हणा. केस मानेपर्यंत वाढवलेले. गारठ्यानं ते ओले करून मागं सारले आणि टिचकीनं वीतभरावरून फोटो काढला. संध्याकाळच्या आत फळ्यावर.

दोन-तीन दिवसांनी एक बाई आल्या. हातात कापडी पिशवी, पायात घरातल्याच चपला. पोरगा घरातून गेला होता.

"भांडण झालं," त्या टिचकीला सांगू लागल्या. खरं म्हणजे तिनं विचारलंही नव्हतं. "साधंच हो, कामावरून. मी म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आपण म्हणतोच की असं. तो आपला खरंच निघाला."

"या मावशी. बसून बघा. सावकाश."

मावशींनी एकेक फोटो बघितला. त्या पोराच्या फोटोशी आल्या, थांबल्या, पिशवी छातीशी धरली. टिचकीनं मनात म्हटलं, झालं. असं थांबलेलं माणूस तिनं कितीदा बघितलं होतं. आता पाणी द्यावं लागणार म्हणून तिनं तांब्याकडे हातही नेला.

आणि मावशी हसल्या!

"नाही गं बाई! हा नाही!" हसताहसता डोळ्यांतून पाणी. "अगं, ह्याला कान कुठायत? माझ्या पोराचे कान म्हणजे सुपं. शाळेत सुपड्या म्हणायचे, अजून म्हणतात. वारा सुटला की मित्र म्हणायचे, याला धरा रे, उडून जाईल! म्हणून तर केस वाढवून झाकायचा. मी मेली म्हणायची, काप ते जंगल, तर नाही. आणि ह्याचं नाक बघ केवढं! हा तर बिनकानाचा. नाही, नाही. हा नाही."

"नक्की ना मावशी?"

"पोटचं पोर ओळखणार नाही होय मी?"

आणि मग, उठताउठता, त्यांनी परत त्या फोटोकडे बघितलं. "कुणाचं गं हे लेकरू? ह्याच्या आईला पत्ता तरी असेल का?"

त्यानंतर मावशी येतच राहिल्या. नवा फोटो लागलाय का बघायच्या, नसला की हायसं वाटून बसायच्या. दर खेपेला चेहरा आधीपेक्षा उजळ. पोराची गादी उन्हात घातलीय, त्याच्या सायकलची चेन सांधून आणलीय, रुसवा निघाला की येईलच, बापावर गेलाय, बापही असाच महिनामहिना फुगून बसायचा. आणि जाताना दर वेळी एकच प्रश्न, हळू आवाजात:

"त्या पोराचं कुणी आलं का गं?"

"नाही मावशी."

"अरेरे. येईल हो. कुणीतरी असेलच की त्याला."

एकदा तर जिन्यापाशी गारठ्याला गाठून म्हणाल्या, "त्याच्या अंगावर नीट पांघरूण असतं ना हो?" गारठ्या म्हणाला, असतं. आणि खाली येऊन त्यानं खरंच एक जादाची चादर काढून त्याच्यावर घातली. खाली कुणाला जादाची चादर घालतात का कधी? पण घातली.

आता मामांचं. एका सुट्टीच्या दिवशी मामा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, दोन वाक्यांमध्ये एक खोकला असं चाललेलं, आणि एकदम म्हणाले, "टिचके, आमचा एक फोटो काढ. भिंतीवर लावायला. ऐन वेळी धावाधाव नको."

आतून मामी कडाडल्या, "अहो, काहीतरी अभद्र बोलू नका!"

"अभद्र काय त्यात? आयुष्यभर दुसऱ्यांचे काढले, माझा कुणी काढलाच नाही. आण गं तो कॅमेरा."

"ह्या कॅमेऱ्यानं? मामा, नियम कुणाचा?"

"नियम माझा, मोडणाराही मीच. आणि मी आता पुरता जिवंतांत मोडतो का? अर्धा तिकडे पोचलोय. काढ."

टिचकीला हसू आलं, रडूही आलं. ती कॅमेरा घेऊन आली, सवयीनं वाकली, हात पुढं केला आणि वीतभरावरून बटण दाबलं. मग तिघांनी डोकी जुळवून मागचा छोटा पडदा बघितला.

"हा कोण?" मामा म्हणाले.

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी? हे तर चमच्यात बघितल्यासारखं थोबाड आहे. नाक बघ, सगळ्यांच्या आधी जेवायला बसल्यासारखं पुढं आलंय. आणि माझे कान? कान कुठं गेले?"

"बरं झालं गेले ते," मामी म्हणाल्या. "तसाही त्यांचा उपयोग काय करत होतात!"

तिघंही हसले. मामा तर हसताहसता खोकून लाल झाले. टिचकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पडद्याकडे बघत होती, आणि तिचं हसू कुठंतरी अडकलं. पाळण्यात होती तेव्हापासून बघितलेला हा चेहरा. आणि तिला ओळखू येईना.

मामांचाही खोकला थांबला, हसूही थांबलं. "किती लांबून काढलास?"

तिनं वीत दाखवली.

"खालीपण असाच काढतेस?"

तिनं कॅमेरा मांडीवर पालथा ठेवला.

"स्टूल?"

"गारठ्याचा रेडिओ आहे त्याच्यावर."

मामांनी मान वळवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात मावशींचा आवाज आला, हसणारा: ह्याला कान कुठायत? हा तर बिनकानाचा.

इतक्या जवळ गेलं की नाक भिंगापाशी येतं आणि कान मागं राहतात, लांब रस्त्यावर माणूस बारीक होत जातो तसे. साधी गोष्ट. पण तिला कळणार कशी होती? खाली येणारे सगळे अनोळखी. अनोळखी चेहरा वाकडा आला तर तो वाकडा आहे हे सांगणार कोण? एखादा ओळखीचा चेहरा त्या भिंगासमोर आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. भिंगकाका हनुवटी वर करून बसलेच होते की.

दुसऱ्या दिवशी गारठ्या कुलूप काढायच्या आधी ती दारात.

"कोट घालून आलेला तो पोरगा... आहे ना अजून?"

"आहे. पण आज मुदत भरली. दुपारच्या गाडीनं जाईल."

"त्याला बाहेर घे. आणि स्टूल दे."

गारठ्यानं तिच्याकडे बघितलं, मग रेडिओ उचलून खाली ठेवला. आखूड पायाखाली त्यानं स्वतःच पुठ्ठ्याची घडी सरकवली. टिचकी चढली. चादर काढली, केस मागं केले, आणि तिनं पहिल्यांदा त्या पोराकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं, बोलायच्या अंतरावरून.

दोन्ही बाजूंना, उघडलेली दारं असावीत तसे, कान.

"अरे देवा," ती म्हणाली.

तिनं फोटो काढला. पण चौदाचं भिंग ते, लांबून सगळी ट्रॉली, फरशी, गारठ्याची कोपरंसुद्धा आत घेऊन बसलं, आणि चेहरा मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला. आधीच तळघरातला मिणमिणता दिवा, चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखे नुसते दाणे. कान दिसत होते, नाही असं नाही. ओळखायचंच असेल त्याला ओळखू येईल, आणि नको असेल त्याला नाही.

गारठ्यानंही बघितलं. मग तो स्वेटरच्या बाह्या ओढत म्हणाला, "मावशींचा का?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"हल्ली हसते बाई ती." जरा थांबला. "राहू दे की. दुपारी गाडी येईल, जाईल. ती म्हणेल रुसलाय. वर्षभर म्हणेल, दहा वर्षं म्हणेल. कुणाचं काय बिघडतंय?"

"आणि ह्याचं?"

"ह्याचं काय बिघडायचं राहिलंय?"

खरं सांगायचं तर टिचकीच्याही मनात तेच आलेलं. त्याहून वाईट आलेलं. हा वाळूतला फोटो दाखवला की आपलं काम केल्यासारखं होईल. मावशी डोळे बारीक करून बघतील, 'नाही गं' म्हणतील, आणि कुणी कुणाला बोल लावायला नको. मावशी हसत घरी. आपणही सुटलो. ती स्टुलावरच बसली, त्या पोराच्या उशाशी. त्याची जादाची चादर तिच्या मांडीवर होती. दर वेळी चौकशी करून करून मावशींनी ती घालायला लावलेली. कुणाच्या तरी लेकरासाठी.

ती उठली आणि पळत सुटली.

भिंगकाका नुकतं शटर वर करत होते. तिनं चौदाचं भिंग त्यांच्या हातात ठेवलं. "ते दुसरं आहे का अजून? पंचेचाळीसचं?"

"आहे. का, आता जागा झाली?"

"स्टूल आहे."

काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढची थट्टा गिळली. कपाटातून भिंग काढलं, फडक्यानं पुसलं. "काही चुकलं का गं ह्यात? बिघाड निघाला का?"

"नाही काका. भिंग चांगलं आहे."

पंचेचाळीस लावून ती परत स्टुलावर चढली तेव्हा सगळा पडदा त्या चेहऱ्यानं भरला. ना नाक पुढं, ना गाल मागं. डाव्या भुवईत एक जुना व्रण, वरचा ओठ किंचित दुमडलेला, काही बोलता बोलता राहिल्यासारखा. आणि कान. तिनं श्वास धरला, तीनदा फोटो काढला, आणि तिन्ही चांगले आले. एक तरी बिघडावा असं तिला वाटत होतं का? वाटत होतं. पण बिघडला नाही.

मग तिनं मावशींना फोन केला. एवढंच म्हणाली, "जरा येऊन जाल का?"

मावशी आल्या त्याच कापडी पिशवीसकट, जिना चढून धापा टाकत, आणि दारातूनच म्हणाल्या, "त्या पोराचं कुणी आलं वाटतं! म्हणून बोलावलंस ना? मला वाटलंच बाई."

"बसा ना मावशी."

"बसते. कोण आलं? आई आली का?"

टिचकीनं टेबलावर नवा फोटो ठेवला. काय काय बोलायचं ते तिनं वाटेवर दहादा ठरवलं होतं, त्यातलं काहीही तोंडातून निघालं नाही.

मावशींनी फोटो बघितला. यावेळी पिशवी छातीशी धरली नाही. ती हळूच मांडीवरून घसरून खाली पडली, आणि आतून एक कंगवा आणि घराची किल्ली बाहेर आली. टिचकी उचलायला वाकली.

"राहू दे," मावशी म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक कुईकुई करत लांब गेलं.

"हा कधी आला?"

"मावशी..." टिचकी उठली, फळ्यावरचा जुना फोटो काढला आणि नव्याशेजारी ठेवला. "हाच आहे तो. दोन्ही एकच आहेत. पहिला... फार जवळून काढला. त्यानं चेहरा बदलतो. मला माहीत नव्हतं."

मावशी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. बोटानं जुन्या फोटोतल्या गालाच्या कडेला, कान असायला हवा होता तिथं, चाचपून बघितलं.

"हा कुणी काढला?"

"मी."

"आणि हा?"

"तोही मीच."

मावशींनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. टिचकीला वाटलं, आता मारतील, आणि मारावंच. पण मावशींच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. घरातला दिवा गेल्यावर माणूस क्षणभर असतो तिथंच थांबतो, तसं.

"म्हणजे इतके दिवस मी वर बसून गप्पा मारत होते," त्या म्हणाल्या, "आणि तो खाली होता."

"मावशी, माझं चुकलं..."

"चुकलंच." तेवढंच. मग त्यांनी स्वतःच वाकून कंगवा उचलला, किल्ली उचलली, पिशवीत टाकली. "चल. काच दाखव."

जिना उतरताना टिचकीनं हात पुढं केला, तो मावशींनी घेतला नाही. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. मध्येच वळणावर थांबल्या आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याची आई आली म्हणायची मग."

काचेपलीकडे गारठ्यानं पडदा सरकवला. पोरगा झोपलेला, चादर गळ्यापर्यंत, केस मागं चापून बसवलेले. मावशी काचेला इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासानं ती धुरकटली, आणि त्यांनी पदरानं पुसली. रडल्या नाहीत. वाट बघत असलेल्या माणसानं, घरी आलेल्याचा पोशाख नीट आहे ना ते आधी बघावं, तसं त्या त्याला वरून खाली बघत होत्या.

मग त्यांनी काचेवर टकटक केली. "अहो, त्याचे केस पुढं घ्या."

गारठ्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं हात कानाशी नेला.

"केस! कानांवर घ्या त्याचे. त्याला आवडत नाही दिसलेले."

गारठ्यानं टिचकीकडे बघितलं. नियम तर कान दिसलेच पाहिजेत असा. टिचकीनं मानेनं होकार दिला. गारठ्यानं हातमोजे काढले, नुसत्या बोटांनी ते ओले केस सोडवले आणि थोडे थोडे करून कानांवर आणायला लागला. उजवा झाकला. डावा काही झाकेना, केस निसटायचे आणि कान परत बाहेर.

"अजून थोडे," मावशी काचेला तोंड लावून सांगत होत्या. "मागचे घ्या. तो मागचे घ्यायचा. हां... नाही, सुटले. परत घ्या."

बाहेर दुपारच्या गाडीनं भोंगा दिला. कुणी हललं नाही.

"हळू घ्या," मावशी म्हणाल्या. "त्याला ओढलेलं चालत नाही."